मुलूखगिरी आणि विद्या

बुद्धिबळाचा पट आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन्ही राजांपाशी सोळा सोळा मोहरे, ज्याची त्याची चाल ठरलेली. उंट तिरपा जावयाचा, घोडा अडीच घरे उडावयाचा. डाव कितीही लांबला तरी उंटाला सरळ जाता येत नाही आणि हत्तीला तिरपे जाणे साधत नाही. प्यादे शेवटच्या घरी पोचले म्हणजे त्याचा वजीर होतो, एवढीच काय ती बढती. आणि तीही शत्रूच्या मुलखात शिरून मिळवावयाची. घरी बसून मोहरा सुधारण्याची सोय या खेळात नाही.

अलीकडची मुले संगणकावर दुसरा एक खेळ खेळतात. १९९१ साली सिड मायर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 'सिव्हिलायझेशन' या नावाने तो बाजारात आणला. हाही पाळीपाळीनेच खेळावयाचा. पण येथे राजाला व्यापारातून जे उत्पन्न होते त्याचे तीन वाटे करावे लागतात: एक खजिन्यात, एक प्रजेच्या ख्यालीखुशालीसाठी आणि एक विद्येसाठी. सैन्याला पैसा पुरविला नाही तर शेजारी आज चढून येतो. विद्येला पुरविला नाही तर तोच शेजारी काही पिढ्यांनी, अधिक चांगली हत्यारे घेऊन चढून येतो. हा पेच खेळ संपेपर्यंत सुटत नाही. या खेळाचा आणखी एक नियम मोठा गमतीचा आहे. शत्रूचे शहर काबीज केले म्हणजे त्याला येत असलेली आणि आपल्याला येत नसलेली एखादी विद्या आपोआप आपल्या पदरात पडते. शहर पडले, विद्या आली. मध्ये काही खटपट नाही.

खेळातील हा नियम इतिहासात कितपत खरा ठरतो, हे मी आज मराठ्यांच्या राज्यापुरते पाहणार आहे. मराठ्यांनी शहरे थोडी जिंकली नाहीत. मग विद्या किती आल्या?

प्रारंभ आपल्या परिसरातल्या एका तोफेपासून करू. विजापूरच्या बुरुजावर असलेली 'मलिक-ए-मैदान' ही तोफ पुष्कळांनी पाहिली असेल. वजन सुमारे ५५ टन, लांबी १४ फुटांहून अधिक. ती १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती (परांडा म्हणजे आपल्या बार्शीचा शेजार) आणि तेथून १६३२ साली विजापूरकरांनी ती नेली. सोलापूरचा किल्ला जसा निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात कधी लढाईने, कधी लग्नाच्या आंदणात फिरत राहिला, तशीच ही तोफही फिरली. तीवर ओतणाऱ्याचे नाव आहे: महंमद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. पुढे १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले आणि त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरविला. करणाऱ्याचे नाव आणि जिंकणाऱ्याचे नाव अशी दोन्ही एका धातूवर आहेत. या दोन नावांमध्ये १३७ वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात तोफेला चार धनी झाले असतील. पण दक्षिणेतील तोफखान्याची रीत तीच राहिली. जाणता कारागीर बाहेरून आणावयाचा, त्याला द्रव्य द्यावयाचे, तोफ ठेवून घ्यावयाची.

शिवाजीमहाराजांनी आरमार उभारण्यास घेतले तेव्हा त्यांनीही सुरुवात या रीतीनेच केली. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे रुई लैताव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज त्यांची गलबते बांधीत होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना ही गोष्ट अर्थातच आवडली नाही; त्यांच्या सांगण्यावरून तो आणि त्याचे सोबती काम टाकून निघून गेले. एरवी गोष्ट येथेच संपावयाची. पण आरमार त्याच्यामागे गेले नाही. कोकणातल्या सुतारांनी, कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी ते काम उचलले, आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळी इंग्रज, पोर्तुगीज, डच या तिघांनाही त्या गलबतांचा धाक वाटू लागला. परक्याकडून घेतलेली विद्या येथे घरची झाली, कारण ती ज्यांच्या हातांत पडली त्यांचा समुद्राशी पिढीजात संबंध होता आणि त्यांना काम देणारा राजा पाठीशी होता.

आणि हे सांगताना फार वाईट वाटते की त्या आरमाराची राखरांगोळी होण्यास आपलेच पेशवे कारण झाले. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीत नव्हता, हे खरे. नानासाहेब पेशव्यांनी त्याला नमविण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले आणि आंग्र्यांची गलबते बंदरातच जळून गेली. बंडखोर सरदाराचा पाडाव झाला खरा. पण आपल्याच गोदीचे आणि तीत साठलेल्या शंभर वर्षांच्या अनुभवाचे काय झाले, याचा हिशेब कोणी मांडला नाही. पुढच्याच वर्षी तोच क्लाइव्ह प्लासीस होता.

आता वसईकडे वळू. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. मराठ्यांच्या सर्व मोहिमांत ही मला अतिशय थोर वाटते, कारण ती घोड्याच्या टापांनी जिंकलेली नाही. मोर्चे, सुरुंग, तटाला पाडलेले खिंडार अशी चिकाटीने केलेली ती लढाई होती. म्हणजे सुरुंगाची विद्या आपल्यापाशी होती. मग संगणकातील त्या खेळाच्या नियमाप्रमाणे वसईत आपल्याला काय मिळाले? घंटा मिळाल्या. पोर्तुगीजांच्या चर्चमधील मोठमोठ्या ओतीव घंटा मराठा सरदारांनी हत्तींवरून, गाड्यांवरून आणल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकराला त्या आजही आहेत. त्यांचा नाद फार गोड आहे. घंटा ओतणे आणि तोफ ओतणे हे एकाच भट्टीतले काम, हे युरोपातल्या कोणत्याही ओतारीला ठाऊक होते. आपण नाद घेतला. आणखीही एक गोष्ट. पोर्तुगीजांच्या गोव्यात १५५६ पासून छापखाना चालू होता. फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीच रोमन अक्षरांत छापून निघाले होते. वसई घेताना दीडदोनशे वर्षांची ही जुनी कला शेजारच्या घरात होती. तिची चौकशी पुण्यातून झाल्याचे दिसत नाही.

याच्या समोर दुसरे एक शहर ठेवा. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. म्हैसूरकरांच्या सैन्यात लोखंडी नळीचे बाण होते. दारू ठासलेले, हजार यार्डांवर जाऊन पडणारे. मराठ्यांना बाण नवे नव्हते, आपल्या फौजांत बाणदार होतेच. आणि १७९१-९२ मध्ये आपल्या फौजा इंग्रजांच्या बरोबरीने टिपूच्या मुलखात होत्या, त्यांनीही हे बाण पाहिले होते. इंग्रजांनी काय केले? बाणांचे नमुने विलायतेला वुलिचच्या कारखान्यात धाडले. तेथे १८०४ च्या सुमारास विल्यम काँग्रीव्ह त्यांच्या मागे लागला. दारूचे प्रमाण बदलून पाहिले, नळी बदलून पाहिली, पल्ले मोजले. आणि थोड्याच वर्षांत ते बाण सुधारून युरोपातल्या लढायांत उडू लागले. येथे खेळाचा नियम खरा ठरला. पण तो का खरा ठरला? जिंकलेली वस्तू उघडून पाहणारा माणूस आणि त्याला बसण्याची जागा घरी आधीच तयार होती म्हणून. ती जागा नसती तर श्रीरंगपट्टणचे बाणही एखाद्या सरदाराच्या दिवाणखान्यात शोभेला राहिले असते.

तशी जागा आपल्याकडे मुळीच नव्हती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत तोफा आणि गोळे ओतण्याचे कारखाने निघाले. पेशव्यांचा तोफखाना पानशांच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या होता. परंतु पिढीजात सरदारी आणि पिढीजात कसब या दोन गोष्टी वेगळ्या. एडवर्ड मूर नावाचा एक इंग्रज अधिकारी १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांबरोबर धारवाडच्या वेढ्यात होता. त्याने लिहिले आहे की, मराठ्यांची तोफ एकदा भरली म्हणजे गोलंदाज खाली बसून अर्धा तास धूम्रपान करीत आणि गप्पा मारीत. मग तोफ उडवीत. गोळा पडून धूळ उडाली म्हणजे समाधान मानून पुन्हा भरीत. दुपारी तर जेवणासाठी दोन्हीकडचा मारा थांबावयाचा! मूरसाहेबाने यात थोडे मीठमसाला घातले असेल; साहेबलोकांना हसावयाला आपण सापडलो की ते सोडीत नसत. पण वेढा सहा महिन्यांवर चालला ही गोष्ट खरी. आणि तेथेही पाहा, वेढ्यात बसल्या बसल्या तो तरुण टिपणे करीत होता. ती १७९४ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली. आपल्या छावणीतून पत्रे निघत होती. ती उत्तम मराठीत आहेत, राजकारणाने काठोकाठ भरलेली आहेत. पण तोफेचा गोळा किती दूर गेला आणि का चुकला, हे लिहून ठेवावे असे लिहिणाराला वाटले नाही.

पैसा नव्हता, असे यावर उत्तर देतात. त्यात तथ्य आहे. पहिल्या बाजीरावापासून मोहीम कर्ज काढून निघावयाची आणि कर्ज मोहिमेच्या प्राप्तीतून फिटावयाचे, असा क्रम होता. प्राप्ती कमी झाली की पुढली मोहीम आणखी लांबची. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ आणि तोफा होत्या. तो आधी निजामाच्या चाकरीत होता, आणि ज्या कवायतीने तो लढला ती दक्षिणेत बुसीने रुजविलेली. १४ जानेवारी १७६१ रोजी त्याच्या तोफांनी कामगिरी मोठी केली. पण तो पकडला जाऊन मारला गेला आणि त्याची विद्या त्याच्याबरोबर संपली. चाकरीला ठेवलेल्या विद्येची ही मुख्य अडचण आहे.

तरीसुद्धा विद्येच्या वाट्याला पुण्यात काहीच येत नव्हते, असे कोणी म्हणू नये. श्रावणमासातील दक्षिणा आठवा. दूरदूरचे शास्त्री, वैदिक, पंडित पुण्यात जमावयाचे, त्यांच्या परीक्षा व्हावयाच्या आणि लाखांच्या घरात रक्कम वाटली जावयाची. जगातील फार थोड्या दरबारांनी त्या काळी विद्वानांसाठी इतका पैसा बाजूला काढला असेल. म्हणजे खेळातला तो तिसरा वाटा आपल्या हिशेबात होता; आणि तो दरसाल, मोहीम असो नसो, निघत होता. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष यांत निष्णात असलेली माणसे त्यावर पोसली गेली. त्यांच्या बुद्धीविषयी मला आदरच आहे. माझे म्हणणे इतकेच की, ओतारी, लोहार, तांबट, सुतार यांना त्या मांडवात पाट नव्हता. ज्याला गणित येत होते त्याच्या हाताला भट्टीची ऊब ठाऊक नव्हती. ज्याला भट्टी ठाऊक होती त्याला अक्षर नव्हते. दोघे एकाच पेठेच्या दोन आळ्यांत राहत होते.

एक तांबट मात्र या चौकटीतून थोडा बाहेर पडला. त्याचे नाव गंगाराम. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट पुण्यास असताना सवाई माधवरावांच्या वाड्यात चित्रकलेची एक शाळा निघाली, जेम्स वेल्स या चित्रकाराच्या देखरेखीखाली. तेथे गंगाराम तयार झाला. मॅलेटसाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. ती पाहिली म्हणजे या माणसाचा डोळा आणि हात किती पक्के होते ते कळते. मॅलेटच्या मंडळींपाशी कोरीवकाम शिकलेल्या तांबटाकडूनच पुढे तांब्याच्या पत्र्यावर भगवद्गीता कोरविण्यात आली. नाना फडणिसांच्या मनात हे होते असे सांगतात. पण नाना १८०० साली गेले, आणि ते काम मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले. साल १८०५. त्याच साली बंगाल्यात श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठी भाषेचे व्याकरण छापले, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने आणि सुट्या खिळ्यांनी. मिरजेचे पत्रे एका पुस्तकाचे होते. ते छापून झाले की त्यांचा उपयोग संपला. श्रीरामपूरचे खिळे मोडून दुसऱ्या दिवशी दुसरे पुस्तक लावता येत होते, आणि ती पुस्तके शिकविण्यासाठी कलकत्त्याला कॉलेज होते. मिरजेच्या तांबटाचे कसब केरीच्या कारागिरांहून उणे नव्हते. त्याच्या पाठीशी एक हौशी संस्थानिक होता, आणि त्या कारागिरांच्या पाठीशी संस्था होती.

महादजी शिंद्यांची गोष्ट यापुढे सांगितली पाहिजे, कारण मराठ्यांत हा पेच पुरता ओळखणारा तोच एक. १७८४ मध्ये त्याने सॅव्हॉयच्या द बॉयनला चाकरीस ठेवले. कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून दुआबातला मुलूख स्वतंत्र तोडून दिला. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉच माणसाच्या हाताखाली तोफा ओतण्याचा कारखाना घातला. त्या तोफा कशा होत्या याची साक्ष शत्रूनेच दिली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालन्याकडे असईच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने त्यांच्यापुढे आपली दीड हजारांवर माणसे मारून वा जखमी करून घेतली. गोलंदाज तोफांखाली मेल्याचे सोंग करून पडले आणि इंग्रज पुढे जाताच उठून पाठीमागून मारा करू लागले. हे धूम्रपान करीत बसणारे गोलंदाज नव्हेत. तेथे ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

मग पराभव का झाला? महादजी १७९४ मध्ये वारला. प्रकृती ढासळल्याने द बॉयनही थोड्याच दिवसांत युरोपास परतला. त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ च्या ऑगस्टात गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या साहेबांना पगार व पेन्शन देऊ. ऐन लढाईच्या तोंडी कित्येक अधिकारी गेले. पेराँ स्वतः सप्टेंबरात गेला. १ नोव्हेंबरला लासवारीस ती पायदळे जवळजवळ बिनअधिकाऱ्यांची लढली आणि तोफांजवळच कापली गेली. या फौजेवर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती, अशा अर्थाचे इंग्रज सेनापती लेकनेच लिहिले आहे. वीस वर्षांत त्या पलटणींतून मराठी किंवा हिंदुस्थानी असे पन्नास अधिकारी का तयार झाले नाहीत? आग्र्याच्या कारखान्यातले माप मोडीत का उतरले नाही? महादजीसारख्या माणसाने हे केले नाही, तेथे बाकीच्यांकडून काय अपेक्षा करावी! त्याने मुलूख दिला, पैसा दिला, स्वतःचा मान बाजूस ठेवून परक्यापाशी शिकण्याची तयारी दाखविली. फक्त शाळा काढली नाही.

इंग्रजांकडे तेव्हा काय चालले होते ते एका वाक्यात सांगतो. १८०२ च्या एप्रिलात, इकडे यशवंतराव होळकर पुण्यावर येण्याच्या बेतात असताना, मद्रासजवळ लॅम्बटन साखळीने एक रेषा मोजीत होता. ती मोजणी हिंदुस्थानचा त्रिकोण त्रिकोण पादाक्रांत करीत उत्तरेकडे सरकत गेली, आणि १८२३ मध्ये तो वारला तो आपल्या वऱ्हाडालगत हिंगणघाटास. ही विद्या निरागस नव्हती. नकाशा झाला की महसूल आणि फौज त्याच वाटेने येत असत.

याउलट टोक पाहावयाचे असेल तर तंजावरास जावे लागते. तेथील भोसल्यांचे राज्य १७९९ मध्ये कंपनीने घेतले आणि सरफोजीराजांकडे किल्ला, तनखा आणि रिकामपण उरले. या राजाने सरस्वती महाल वाढविला, धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा चालविली, डोळ्यांच्या रोग्यांची सचित्र टिपणे ठेवविली, नवविद्याकलानिधी शाळा काढली आणि देवनागरी छापखाना घातला. १८०६ साली त्यातून 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक निघाले. पुण्यात जे शंभर वर्षांत जमले नाही ते तंजावरास तीस वर्षांत जमले. परंतु त्या विद्येला आता ओतावयाला तोफ नव्हती आणि राखावयाला सीमा नव्हती. एकाच मराठी समाजाच्या एका शाखेपाशी सैन्य राहिले, दुसरीपाशी ग्रंथशाळा.

आणि शेवटी सोलापूर. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली; तेथे बाजीरावाच्या कवायती पलटणीवर अधिकारी होता द पिंटो, म्हणजे अजूनही तीच रीत. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आपल्याच जिल्ह्यात अष्टीस बापू गोखले पडले. बाजीराव घोडदळासह पळत राहिला. जड तोफा आणि पायदळ त्याच्या वेगाने जाऊ शकत नव्हते. ते गणपतराव पानशांच्या हाताखाली सोलापूरच्या किल्ल्याच्या आसऱ्याला येऊन राहिले. ९ मे रोजी जनरल मन्रो येऊन पोचला. १० तारखेस त्याने शिड्या लावून पेठ घेतली, संध्याकाळी बाहेरचे पायदळ हटू लागताच त्याचा पाठलाग करून ते उधळले, आणि १५ मे रोजी तळ्याकाठचा हा भुईकोट इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पेशव्यांचा तोफखाना म्हणून जे काही उरले होते ते येथे संपले. १९ दिवसांनी बाजीराव माल्कमच्या छावणीत आला.

सोलापूर घेणारा मन्रो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. १८२२ च्या जूनमध्ये त्याने आपल्या इलाख्यातील सर्व कलेक्टरांना हुकूम पाठविला, की प्रत्येक जिल्ह्यात शाळा किती, मुले किती, ती कोणकोणत्या जातींची, काय शिकतात आणि कोणती पुस्तके वाचतात, याचे तक्ते करून पाठवावे.